विनाइल कटरवर सर्किट बोर्ड: बारीक ट्रॅक उचलले जातात

प्रश्न:
हस्तकलेसाठी मिळणाऱ्या, स्टिकर कापणाऱ्या लहान यंत्रावर मी सर्किट बोर्ड करून पाहतो आहे. किकॅड या सर्किट आखण्याच्या सॉफ्टवेअरमधला आराखडा विनाइलवर (स्टिकरच्या चिकट प्लास्टिकवर) कापायचा, ते विनाइल कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर असलेल्या कोऱ्या बोर्डवर) चिकटवायचे आणि उघडे राहिलेले तांबे फेरिक क्लोराईडच्या द्रावणात विरघळवायचे, अशी ही पद्धत आहे. परंतु नको असलेले विनाइल सोलताना ०.५ मिमीचे ट्रॅकही (वीज वाहून नेणाऱ्या रेषा) सोबत निघून येतात, विशेषतः पॅडला (भाग सोल्डर करायच्या जागेला) जोडले जातात तिथे, आणि पॅडचे कोपरेही गोल होतात. दोष पात्याचा असावा की आराखड्याचा?

उत्तर १:
ट्रॅक पॅडपाशीच सुटतात, यावरून दोष फाइलमध्ये असावा असे वाटते. एसव्हीजीमध्ये (रेषा-आकारांच्या चित्रफाइलमध्ये) ट्रॅक आणि पॅड हे एकमेकांवर ठेवलेले स्वतंत्र आकार असतात. त्यामुळे पाते सांध्यावरूनही फिरते आणि ट्रॅक पॅडपासून तोडून टाकते. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ट्रॅकच्या रेषांचे आकारांत रूपांतर करावे, नंतर सगळे आकार ‘युनियन’ने एकत्र करावेत आणि मगच फाइल कापायला द्यावी.

कोपऱ्यांचे कारण मात्र निराळे आहे. या यंत्रांतले पाते सहसा मोटरने वळत नाही, तर ओढले जाईल तसे आपोआप वळते, आणि त्याचे टोक फिरण्याच्या अक्षापासून किंचित बाजूला असते. सॉफ्टवेअरमध्ये हा ऑफसेट अचूक दिला नाही, तर काटकोन गोल होतातच. तरीही ट्रॅक १ मिमीच्या आसपास ठेवावेत. छिद्रांत बसणाऱ्या नेहमीच्या (डीआयपी) आयसीच्या पिनांमध्ये २.५४ मिमी अंतर असते, तेव्हा दोन पिनांमधून ट्रॅक नेण्यापेक्षा सरळ जंपर (वरून जोडणारा तारेचा तुकडा) टाकावा.

उत्तर २:
वरील सूचनांशी मी सहमत आहे, परंतु मुळात बारीक पट्ट्या चिकटवायच्याच कशाला? ट्रॅकभोवतीची फट तेवढी सोलून काढावी आणि उरलेले सगळे विनाइल बोर्डवर राहू द्यावे. रुंद तुकडे घट्ट बसतात, सोलायचे काम कमी होते आणि विरघळवायचे तांबे थोडेच असल्यामुळे द्रावण बराच काळ पुरते.

उत्तर ३:
ही युक्ती चांगली असली, तरी अशा बोर्डवर सोल्डर मास्क (नको तिथे सोल्डर चिकटू न देणारा थर) नसतो आणि ट्रॅकला लागूनच तांबे उरते, त्यामुळे सोल्डर फटीवरून पलीकडे जाऊन शॉर्ट होण्याची शक्यता वाढते. फट किमान पाऊण मिमी ठेवावी आणि वीजपुरवठा जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने तपासणी करावी.

चिकटवण्यापूर्वी तांबे बारीक घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. बोटांचे तेल राहिले तर कडेने द्रावण आत शिरते. द्रावण फार गरम करू नये, कारण विनाइलचा गोंद सैल होतो. टोनर ट्रान्सफरच्या (लेझर प्रिंटची आकृती उष्णतेने तांब्यावर उतरवण्याच्या पद्धतीच्या) सवयीने आकृती उलटी करू नये. विनाइल ट्रान्सफर टेपने (कापलेले विनाइल उचलून बोर्डवर ठेवणाऱ्या चिकटपट्टीने) सुलटेच बसते. वापरलेल्या द्रावणात तांबे असते, म्हणून ते मोरीत न ओतता प्लास्टिकच्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यात द्यावे.