ट्रान्सवालच्या 1907 च्या नोंदणी कायद्यात चिनी रहिवासी कसे आले? आणि दहाच बोटे का?

प्रश्न : ओसरी

नमस्कार. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावर एक टिपण लिहीत असताना एका ठिकाणी अडलो आहे. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल या ब्रिटिश वसाहतीचा 1907 चा नोंदणी कायदा हा हिंदी लोकांविरुद्धचा कायदा, असेच मी आजवर समजत होतो आणि वर्गात तसेच शिकवत होतो. परंतु 28 जानेवारी 1908 रोजी जोहान्सबर्गच्या तुरुंगातून ट्रान्सवालचे मंत्री जनरल स्मट्स यांना, लोक सक्तीऐवजी स्वेच्छेने नोंदणी करतील असे जे समझोत्याचे पत्र गेले, त्यावर गांधीजी आणि थंबी नायडू यांच्याबरोबर लियुंग क्विन या चिनी पुढाऱ्याचीही सही आहे. तेव्हा चिनी लोक या कायद्यात कसे आले, हा पहिला प्रश्न. त्याच सुमारास तेथील सोन्याच्या खाणींवर हजारो चिनी मजूर होते आणि त्यांची नोंद सरकारकडे आधीच होती, असे वाचले. मग हा वेगळा कायदा कोणत्या चिनी लोकांसाठी होता, हा दुसरा. तिसरा जरा बाळबोध वाटेल. आपल्याकडे तलाठ्यापुढे किंवा सावकारापुढे अंगठा उठवणे ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट होती, मग या नोंदणीसाठी मागितलेल्या दहा बोटांच्या ठशांचा एवढा संताप का झाला असावा?

उत्तर : दप्तरखाना

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकत्रच द्यावे लागेल, कारण ट्रान्सवालमध्ये त्या वेळी दोन अगदी वेगळे चिनी समाज होते आणि सरकारने दोघांना दोन वेगळ्या कायद्यांखाली धरले होते.

पहिला समाज स्थायिकांचा. हे बहुतेक दक्षिण चीनमधून आलेले छोटे दुकानदार, धोबी आणि घरगुती नोकर. संख्या हजाराच्या आसपास. बोअर (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या) राजवटीच्या 1885 च्या तिसऱ्या क्रमांकाच्या कायद्यापासूनच ‘आशियातील मूळ वंशांचे लोक’ अशी एकच मोट बांधलेली होती, आणि त्या मोटेत गुजराती व्यापारी, तमिळ फेरीवाला आणि कँटनचा धोबी सारखेच. नाव नोंदवा, तीन पौंड भरा, जमीन मालकीची करू नका, नेमून दिलेल्या वस्तीत राहा, असे त्याचे स्वरूप होते. बोअरांच्या काळात ही अंमलबजावणी बरीच ढिली होती. ब्रिटिशांनी बोअरांविरुद्धचे युद्ध (1899–1902) जिंकल्यावर ती कडक झाली. हिंदी प्रजाजनांवरील अन्याय हे ज्या युद्धाचे एक कारण म्हणून सांगितले गेले होते, ते जिंकणाऱ्यांनीच हे करावे, हे हिंदी लोकांना फार लागले.

दुसरा समाज खाणमजुरांचा. युद्धानंतर खाणींना मजूर मिळेनात, म्हणून 1904 च्या मजूर आयात वटहुकुमाखाली तीन वर्षांच्या करारावर चीनमधून माणसे आणली गेली. एकूण सुमारे 63 हजार आणि त्यांतले बहुतेक उत्तर चीनमधले. डर्बन बंदरावर उतरवून त्यांना आगगाडीने खाणींवर नेत. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाच्या दहा बोटांचे ठसे आणि प्रत्येकाकडे परवाना. खाणीच्या आवाराबाहेर जायचे तर लेखी परवानगी, तीही फार तर 48 तासांची. वटहुकुमाला जोडलेल्या यादीतील 55 धंदे त्यांना वर्ज्य होते. व्यापार करता येत नसे, जमीन घेता येत नसे आणि करार संपला की परत जाणे सक्तीचे. पुष्कळ मजूर पळून जाऊ लागले, तेव्हा 1905 च्या दुरुस्तीने खाणपट्ट्याबाहेर सापडलेल्या मजुराला धरण्याचा अधिकार साध्या गोऱ्या नागरिकालाही मिळाला. शेतावरच्या बोअराने बंदूक घेऊन चिनी मजूर हुडकावा, असा तो प्रकार होता.

या मजुरांवर देखरेख करणाऱ्या परदेशी मजूर खात्याचे पहिले प्रमुख विल्यम एव्हन्स हे सिंगापूरकडून आणलेले अधिकारी होते. तेथे 1877 पासून चिनी लोकांवर लक्ष ठेवण्यासाठी एक स्वतंत्र ‘चिनी संरक्षक’ कचेरी चाले. मजुरांचे करार आणि गुप्त मंडळ्यांची नोंदणी ही तिची कामे. नाव संरक्षकाचे, काम निम्मे पोलिसांचे. साम्राज्यात माणसे जशी एका वसाहतीतून दुसरीकडे जात, तशा कचेऱ्या चालवण्याच्या तऱ्हाही जात.

1907 चा कायदा पहिल्या समाजासाठी होता. खाणमजूर त्यात नव्हते आणि 1910 पर्यंत ते सगळे परतही पाठवले गेले.

उत्तर : शंखचक्र

तिसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा पेशा ठशांशी संबंधित होता.

अंगठा आणि दहा बोटे यांत फरक संख्येचा नाही, कामाचा आहे. माझ्या हातात एक कागद आहे, त्यावर अंगठा आहे. तो माझाच आहे की नाही, हे माझा अंगठा पुन्हा उठवून ताडून पाहता येते. एवढ्याने कागद खरा की खोटा ते कळते आणि काम संपते. पण माझ्याकडे कागदच नाही आणि मी नाव खोटे सांगतो आहे, अशा वेळी हजारो नोंदींतून माझी नोंद शोधून काढायची असेल, तर त्या काळी एक अंगठा पुरत नसे. त्यासाठी दहा बोटे लागत.

ही शोधण्याची रीत बंगालमध्ये तयार झाली. पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ती बसवली आणि 1897 मध्ये कलकत्त्यात तिचे कार्यालय सुरू झाले. आपण लहानपणी बोटांवरचे शंख आणि चक्र मोजतो, जवळपास त्याच खेळावर ती उभी आहे. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर 16 गुण, दुसरीला 8, मग 4, 2 आणि 1. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतले एक बोट अंशात, एक छेदात, आणि दोन्ही बेरजांत शेवटी एकेक मिळवायचा. अंश 1 ते 32, छेद 1 ते 32, म्हणजे 1,024 खण. एकही चक्र नसलेला माणूस एकावर एक या खणात, दहाही चक्रे असलेला 32 वर 32 मध्ये. कारकुनाने नाव न विचारता नुसती बोटे पाहून बरोबर खणापाशी जाऊन उभे राहावे, ही त्यातली करामत. पोटविभाग पुढे आणखी आहेत, ते सोडून देतो.

ठसे घेण्याची कृतीही पाहण्यासारखी असते. काचेवर किंवा पत्र्यावर शाई रुळाने पातळ पसरतात. समोरचा माणूस हात सैल सोडतो आणि दुसराच कोणी त्याचे एकेक बोट धरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शाईत आणि मग कागदावर लोळवतो. शेवटी चार-चार बोटे एकत्र सरळ दाबून घेतात, म्हणजे क्रम चुकला असेल तर उघडा पडतो. सही आपण करतो. दहा बोटे आपल्याकडून करवून घेतली जातात. मी कैद्यांची घेतली आहेत, त्यामुळे ते मनगट कसे ताठ होते, हे मला ठाऊक आहे.

हेन्री 1900 मध्ये पोलीस व्यवस्था लावण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले होते. गांधीजींनी त्यांचे लिखाण वाचले होते आणि दहा बोटांची कायदेशीर सक्ती गुन्हेगारांपुरतीच असते, असा निष्कर्ष त्यातून काढला होता. संतापाचे मूळ तेथे आहे, असे माझे मत.

उत्तर : अकरावा तास

शंखचक्र यांचे विवेचन उत्तम आहे, तरी निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. बोटे हेच जर मूळ असते, तर फेब्रुवारी 1908 मध्ये गांधीजींनी स्वतःहून दहाही बोटांचे ठसे दिले नसते. 10 फेब्रुवारीला नोंदणी कचेरीकडे जाताना मीर आलम आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना मारहाण केली, ती याच रागातून. आणि पाद्री डोक यांच्या घरी बिछान्यावर पडल्यापडल्या त्यांनी नोंदणी अधिकारी चॅमनी यांना कागद आणायला सांगून ठसे दिले.

भांडण सक्तीचे होते. 1907 च्या कायद्याने नोंदणीपत्र सतत जवळ बाळगायचे, कोणत्याही शिपायाने मागितले की दाखवायचे, त्याशिवाय व्यापाराचा परवाना नाही आणि शेवटची शिक्षा हद्दपारी. आठ वर्षांवरील मुलांनाही पालकांनी अधिकाऱ्यापुढे न्यायचे. 1906 च्या मूळ मसुद्यात तर स्त्रियाही होत्या. विरोध झाल्यावर त्या वगळल्या. सगळा समाज खोट्या कागदांवर घुसला आहे, हे आधीच गृहीत धरलेले होते.

चिनी समाजाने नोंदणीवरचा बहिष्कार किती मनावर घेतला होता, हे चौ क्वाय फोर या तरुणाच्या मृत्यूवरून कळते. तो जोहान्सबर्गमध्ये घरगडी होता. मालकाच्या आग्रहावरून त्याने नोंदणी केली. तिचा अर्थ काय होतो हे जातभाईंकडून कळल्यावर, आपल्या हातून समाजाची नामुष्की झाली असे लिहून ठेवून नोव्हेंबर 1907 मध्ये त्याने जीव दिला. ब्रामफोंटेनच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. आपल्या भित्तिपत्रकात हमिदिया मशिदीसमोर 16 ऑगस्ट 1908 ला पेटवलेल्या नोंदणीपत्रांचे चित्र येईलच. एक ओळ याच्यासाठीही ठेवावी, ही विनंती.

ओसरी

सर्वांचे आभार. ओळ नक्की ठेवतो. मात्र एक नवी शंका. हिंदी आणि चिनी एकाच संघटनेत होते का? आणि 1914 च्या समझोत्यात चिनी लोकांना काय मिळाले?

दप्तरखाना

संघटना वेगळ्या होत्या. चिनी मंडळाचे अध्यक्षपद क्विन यांच्याकडे होते, आणि दोन्ही समाजांनी सल्लामसलत ठेवली तरी झेंडे वेगळेच ठेवले. हिंदी लोकांचा अर्ज ब्रिटिश प्रजाजन म्हणून लंडनला जाई, चिनी लोकांचा अर्ज चीनच्या वकिलातीमार्फत. त्यामुळे एकाचा युक्तिवाद दुसऱ्याला लागू पडत नसे. पुढे 1909 मध्ये चिनी समाजातच सत्याग्रह चालू ठेवावा की नाही यावरून फूट पडली आणि जोहान्सबर्गमध्ये दोन गटांत मारामारी झाली. हिंदी समाजातही पुष्कळांनी तोवर गुपचूप नोंदणी केली होती, तेव्हा नावे ठेवायला कोणालाच जागा नाही.

1914 चा कायदा नावाप्रमाणे हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांवरचा होता. चिनी रहिवाशांवरचे जुने कायदे होते तसेच राहिले. शेजारच्या केप वसाहतीने 1904 मध्ये केवळ चिनी लोकांसाठी एक बंदीचा कायदा केला होता. त्यात आधीपासून राहणाऱ्यांना सूट-दाखला घेऊन राहावे लागे. तो कायदा 1933 मध्ये रद्द झाला.

उत्तर : माझगावकर

विषय आफ्रिकेचा आहे हे मान्य, पण थोडे आपल्या दाराशीही. माझगावात सी यिप कून नावाचे चिनी देऊळ आहे, चिनी नववर्षाला तेथे अजून दिवे लागतात. एकेकाळी गोदीच्या आसऱ्याने तेथे चांगली वस्ती होती. या लोकांची नोंद पोलिसांकडे होत असे ती ब्रिटिशांनी केलेल्या 1939 च्या परकीय नोंदणी कायद्याखाली, आणि स्वातंत्र्यानंतर तो कायदा तसाच चालू राहिला. 1962 च्या युद्धात चिनी नागरिकांना परवानगीवाचून 24 तासांहून अधिक काळ गाव सोडण्यास बंदी झाली. आसाम आणि बंगालकडील सुमारे तीन हजारांना तर राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले, त्यांत भारतातच जन्मलेले अनेक होते. दप्तरखाना यांनी सांगितलेली 48 तासांची परवानगी वाचताना मला तेच आठवले. तो 1939 चा कायदा रद्द झाला 2025 मध्ये.

शंखचक्र

अकरावा तास यांना एक उत्तर राहिले. सक्तीचा मुद्दा मान्य करतो. पण फेब्रुवारी 1908 मध्ये स्वेच्छेने दिलेले ठसेही त्याच कपाटात गेले. ऑगस्टमध्ये मशिदीसमोर कढईत रॉकेल ओतून जाळले ते लोकांच्या हातातले दाखले. त्यांच्या नोंदी नोंदणी अधिकाऱ्याच्या कचेरीत होत्या, त्यांना आच लागली नाही.