निनावी प्रचारपत्रकामागे कोण आहे, हे मतदाराला कळू शकते का?

नवा_मतदार: अमेरिकेतील मध्य न्यू जर्सीतील आमच्या गावात शाळा मंडळाची निवडणूक आहे आणि नागरिकत्व मिळाल्यानंतरचे माझे हे पहिलेच मतदान आहे. काल टपालाने एक गुळगुळीत कार्ड आले. त्यावर भारतीय आडनावाच्या एका उमेदवाराचा चेहरा मुद्दाम काळवंडून छापला असून खाली ‘हे गाव अजून आपले आहे का?’ एवढाच प्रश्न आहे. मतपत्रिकेवर पक्षाचे नावही नसते. अशा वेळी माणसाने कशाच्या आधारे ठरवावे?

जुना_रहिवासी: आधी कार्ड उलटून पाहा. उमेदवाराने किंवा समितीने छापलेल्या प्रचारसाहित्यावर खर्च करणाऱ्याचे नाव व पत्ता असावा, असा राज्याचा नियम आहे. 2017 साली याच राज्यातील एडिसन गावात शाळा मंडळाच्या निवडणुकीआधी जी कार्डे घरोघरी आली, त्यांवर जेरी शी आणि फाल्गुनी पटेल या उमेदवारांच्या छायाचित्रांवर ‘हद्दपार करा’ असा शिक्का होता. चिनी आणि भारतीय लोक गाव ताब्यात घेत आहेत, असे सांगून पुढे चिनी शाळा, भारतीय शाळा आणि क्रिकेटची मैदाने यांची यादी दिली होती. (क्रिकेटचे मैदानही धोक्यात मोजले जाते, हे मला तेव्हा कळले.) छापणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नव्हते. ते दोघेही निवडून आले.

हडसनकाठ: नाव असले म्हणजे ते खरेच असते, असेही नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीतल्याच होबोकन शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत रवी भल्ला या शीख उमेदवाराच्या पगडीधारी छायाचित्रासह ‘दहशतवादाला गाव ताब्यात घेऊ देऊ नका’ अशी पत्रके गाड्यांच्या काचांवर लावलेली आढळली. एका प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या पत्रकात फेरफार करून ती बनवली होती आणि त्यांवर नावही त्याचेच होते, त्यामुळे संशय त्याच्यावर गेला. त्याने मात्र त्यांच्याशी संबंध नाकारून निषेध केला. भल्ला जिंकले, परंतु ज्याचे नाव छापलेले असते त्यालाच तडकाफडकी दोषी ठरवू नये, हे मी त्या प्रकरणातून शिकलो.

वाचनमात्र: थोडे आपल्याकडेही पाहू या. ‘आपला माणूस आहे, डोळे झाकून मत द्या’ हा निरोप आमच्या व्हॉट्सअॅप गटात प्रत्येक निवडणुकीला फिरतो आणि शाळेच्या अर्थसंकल्पाबद्दल त्या माणसाचे मत काय, हे विचारणाऱ्यालाच फितूर ठरवले जाते. काळवंडलेला चेहरा दाखवून मत फिरवणे आणि आडनाव दाखवून मत मागणे, यांतले पहिले नक्कीच अधिक विषारी आहे. पण उमेदवाराची पारख दोन्हींत टळते.

नवा_मतदार: कार्ड उलटून पाहिले. टपालाच्या परवान्याचा क्रमांक आहे, नाव नाही. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून राज्याच्या निवडणूक आयोगाकडे तक्रार पाठवली आहे. गुरुवारी ग्रंथालयात उमेदवारांची सभा आहे. तेथे अर्थसंकल्पाचा प्रश्न सर्वांना विचारीन, त्या भारतीय आडनावाच्या उमेदवारालाही.