पाचवीत मूल अडले, तर जाब कोणी द्यायचा?

धागाकर्ता (पालक, राजापूर तालुका)

गेल्या आठवड्यात आमच्या वाडीतला पाचवीचा एक मुलगा माझ्या पडवीत बसून भागाकार करीत होता. गणित होते 846 भागिले 4. आठाचे दोन आणि चाराचा एक त्याने बरोबर लिहिला, सहाला चाराने भागून पुन्हा एक लिहिला आणि दोन उरल्यावर पेन्सिल थांबली. उरलेल्या दोनाचे काय करायचे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने ते दोन उत्तराच्या शेवटी जोडले आणि 2112 असे उत्तर मला दाखवले. चार भागांतला एक भाग मूळ संख्येपेक्षा मोठा कसा, हा प्रश्न त्याला पडला नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये 2019 साली दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची आणि अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने 2023 साली आपले नियम बदलून ती वापरली. मुलाला दोन महिन्यांत पुनर्परीक्षेची संधी मिळते, तीतही तो अडला तर वर्ष जाते. माझा आक्षेप असा की या सगळ्या व्यवस्थेत शिक्षा होते ती एकट्या मुलाला. चार वर्षे ज्या शाळेने त्याला पुढच्या वर्गात घातले, तिला कोणीही काही विचारत नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 1999 पासून शाळांनाच ए ते एफ अशा श्रेणी द्यायला सुरुवात केली. आपल्याकडेही राज्याने कायदा करून प्रत्येक शाळेची वाचन व गणिताची पातळी दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवणे बंधनकारक करावे, आणि सलग दोन वर्षे प्रगती न दिसल्यास शाळेची व शिक्षकांची चौकशी व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राथमिक शिक्षिका, संगमेश्वर तालुका

असहमत. आपली तळमळ समजते, पण आपण सुचवलेला कायदा आमच्यासारख्या शाळांना लावता येणार नाही. माझ्या शाळेत चार वर्ग मिळून नऊ मुले आहेत आणि चौथीत दोनच. त्यातले एक मूल मागे राहिले की ग्रामसभेत निकाल 50 टक्के वाचला जाणार, आणि तेच मूल गणपतीनंतर आईवडिलांबरोबर मुंबईला गेले की 100 टक्के. या आकड्यावरून माझ्या शिकवण्याबद्दल काहीही कळत नाही. शिवाय दोन मुलांच्या वर्गात कोणते मूल मागे आहे हे अख्ख्या गावाला नावानिशी समजेल.

अमेरिकेचा दाखला आपण दिलात, तर तो पुरा द्यावा. 2002 च्या केंद्रीय कायद्याने तिथल्या प्रत्येक राज्याला 2014 पर्यंत सगळी मुले अपेक्षित पातळीवर आणण्याचे बंधन घातले होते. पुढे काय झाले, तर अटलांटा शहरात 2011 च्या चौकशी अहवालात 44 शाळांमधील 178 शिक्षक व अधिकाऱ्यांवर उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याचा ठपका आला. मुलांची चुकलेली उत्तरे खोडून मोठ्या माणसांनी बरोबर उत्तरे भरली होती. 2015 च्या नव्या कायद्याने ते बंधन काढले आणि शाळांचे मोजमाप कसे करायचे याचे बरेचसे अधिकार राज्यांकडे परत दिले. निकालावर नोकरी टांगली की निकाल सुधारतो, मूल सुधारेलच असे नाही.

आणखी एक सांगते. पहिलीत येणारे मूल घरी संगमेश्वरी ही इथली बोली बोलते. पुस्तकातली मराठी त्याच्या कानाला नवी असते. जुलैत पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढले की साकवापलीकडची, म्हणजे छोट्या पुलापलीकडची, तीन मुले येऊ शकत नाहीत. आणि ऑनलाइन माहिती भरण्यासाठी मला शाळा सोडून सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या माळावर, रेंज शोधत उभे राहावे लागते, त्या वेळी चारही वर्ग एकटे असतात.

वाचक, दापोली

कोकणात हा प्रश्न आहे तरी का? दहावीच्या निकालात आपला विभाग गेली अनेक वर्षे राज्यात पहिला आहे. 2025 साली राज्याचा निकाल 94.10 टक्के असताना कोकणाचा 98.82 टक्के होता.

धागाकर्ता

हा निकाल दहावीचा आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण दहावीत 35 गुणांनी उत्तीर्ण झालेल्या मुलाला भागाकार येतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख, देवगड तालुका

दोघांचेही म्हणणे मी नोकरीत असताना जवळून पाहिले आहे. वही महिनोन्‌महिने न तपासणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि तापात फणफणत असताना दोन्ही खोल्या सांभाळणारी बाईही पाहिली आहे. नवा कायदा मागण्याआधी असलेला वाचावा, एवढीच विनंती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल त्याला जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि त्यात कसूर झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे शिक्षकाच्या उत्तरदायित्वाची तरतूद आधीच आहे.

आता कलम 26 पाहा. कोणत्याही शाळेत रिक्त पदे मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून अधिक राहू नयेत, अशी जबाबदारी तिथे नियुक्ती करणाऱ्या प्राधिकरणावर टाकलेली आहे. दोन पदांच्या शाळेत एक जागा रिकामी झाली की रिक्तता थेट 50 टक्के होते, आणि आंतरजिल्हा बदल्यांनंतर रत्नागिरी व सिंधुदुर्ग या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत काही शाळांवर दरवर्षी अशी वेळ येते. गावी जाणाऱ्या शिक्षकाला मी दोष देत नाही. त्याच्याही घरी म्हातारे आईवडील असतात. पण जागा वेळेत भरली नाही म्हणून एखाद्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागल्याचे माझ्या नोकरीत मी एकदाही पाहिले नाही. राजापूरच्या त्या मुलाला चार वर्षांत किती शिक्षक मिळाले, हे धागाकर्त्यांनी आधी शोधावे.

धागाकर्ता

चौकशी केली. चार वर्षांत तीन, आणि मधले पाच महिने शेजारच्या शाळेतून आठवड्यातून दोन दिवस येणारे एक गुरुजी. श्रेणी देण्याची आणि चौकशीची कल्पना मी मागे घेतो. ग्रामसभेतल्या वाचनाचा आग्रह मात्र सोडत नाही. त्यात मुलांची नावे नकोत, पण शाळेत पदे किती, भरलेली किती, शिक्षकांचे अध्यापनाबाहेरच्या कामांत किती दिवस गेले आणि शाळा किती दिवस प्रत्यक्ष चालली, हे वाचले जावे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस कायद्यातच लिहिलेले आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा हे वाचन समितीनेच करावे.

प्राथमिक शिक्षिका, संगमेश्वर तालुका

एवढे असेल तर माझी हरकत नाही. उलट ते वाचताना मी स्वतः उभी राहीन. मुलांच्या गुणांची टक्केवारी त्यात शिरली तर माझा विरोध कायम राहील. आणि त्या मुलाला उद्या चौदा काजूबिया द्या, चौघांत सारख्या वाटायला सांगा. उरलेल्या दोन तो बाजूला ठेवेल, तेव्हा त्याच वेळी वही उघडून त्या दोन बिया कुठे लिहायच्या ते दाखवा.