मदत हवी आहे : ओढ्याला भिंत मागू की मोठी मोरी? (कळंबा, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. कळंब्याच्या अंगाला आमची कॉलनी आहे. मागून ओढा जातो, तो पुढं जयंती नाल्याला मिळतो. प्लॉट घेतला तेव्हा वर सगळा ऊस होता आणि ओढा उडी मारून ओलांडता यायचा. आता उसाच्या जागी रो हाऊस आणि काँक्रीटचे रस्ते.

कोल्हापुरात पूर म्हटलं की पहिला प्रश्न, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा किती फुटांवर? 39 ला इशारा, 43 ला धोका, पोरांनाही पाठ. पण यंदा जूनमध्ये रात्री दीडला आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी शिरलं तेव्हा पंचगंगा पात्रात निवांत होती. पहाटे पाचला पाणी ओसरलंसुद्धा. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी पाला, बाटल्या आणि कुणाची तरी फाटकी गादी अशी घट्ट बसली होती की वरून चालत जावं.

2019 ला शाहूपुरीत मामांच्या घरातलं पाणी कितीतरी दिवस हललं नव्हतं. ते नदीच्या फुगवट्याचं. आमचं वरून धावत येणारं. पूररेषेचा नकाशाही पाहिला. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या; आम्ही दोन्हींच्या बाहेर. कागदावर कोरडे!

कॉलनीत सगळ्यांचा जोर संरक्षक भिंतीवर आहे. माझं मन घेईना. आमची गटारंही त्याच ओढ्यात सुटतात. ओढा भरला की भिंतीआड आमचंच पाणी तुंबणार ना? मला दुखणं मोरीत दिसतंय. प्लॉट पाडताना घातलेले तीन फुटी दोन सिमेंट पाइप आहेत. पण मोरी वाढवली तर तेच पाणी खालच्या वस्तीत घुसणार, आणि तिथं आमच्या आत्या राहतात. दिवाळीला कुठल्या तोंडानं जाऊ?

अर्जात नेमकं काय मागावं?

प्रतिसाद (निवृत्त पाटबंधारेवाला) : आधी सांगा, मोरीच्या वरचं पाणलोट किती एकर?

धागाकर्ता : काका, गुगल अर्थवर मोजलं. 150 एकर भरतंय.

निवृत्त पाटबंधारेवाला : मग ढोबळ हिशेब घ्या. एका एकरावर तासाला इंचभर पाऊस पडून सगळा वाहून आला तर जवळपास एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, होतो. ऊस होता तेव्हा निम्मा जिरायचा समजा, म्हणजे 75 क्युसेक. आता 80 टक्के वाहतो धरला तर 120. तुमच्या एका पाइपचं तोंड सात चौरस फूट, दोन्हींचं 14. पाणी सेकंदाला पाच फूट धावलं तर 70 क्युसेक जाईल. तेही पाइप साफ असताना, गादी हिशेबात धरलेली नाही. म्हणजे मोरी घातली तेव्हा जेमतेम पुरत होती, वरचा माळ बदलला.

भिंतीबद्दलची शंका रास्त आहे. भिंत घातली तर प्रत्येक गटाराच्या तोंडाला एकेरी झडप हवी, आत पंप हवा आणि रात्री दीडला तो चालू करणारा माणूस हवा. तुमच्याकडं कोण उठणार?

आधी वरच पाणी थांबवायचं मागा. एक एकर मैदान चार फूट खोल केलं आणि तळाशी बारीक निचरा ठेवला, तर जादाचं (120 वजा 70) 50 क्युसेक पाणी जवळपास तासभर अडतं. बाकी वर्षभर ते मैदानच. मोरीचं माप त्यानंतर ठरवा, आणि मोजत खालून वर या.

धागाकर्ता : वरच्या लेआउटची ओपन स्पेस दीड एकर तरी असेल. पण तिथं क्रिकेटचं पिच आहे, म्हणजे अर्जाच्या आधी पोरांनाच पटवावं लागणार. रविवारी टेप घेऊन आत्यांच्या दारातल्या पुलापासून सुरुवात करतो. असं खोल केलेलं मैदान कुणी पाहिलंय का? पाणी गेल्यावर चिखल किती दिवस राहतो? पोरं पहिलं तेच विचारतील.