यशपाल सरांच्या टर्निंग पॉइंटने पोरांना खरंच काही दिलं का?

केळीवाला रावेर
काल आमचा पोऱ्या मोबाईलवर सायन्सचे शॉर्ट्स बघत होता, बाटलीतून फेस उडाला, धडाम, संपलं, का उडाला ते कोणी सांगतच नाही, आणि मला एकदम प्रोफेसर यशपाल आठवले. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर टर्निंग पॉइंट हा विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा, त्यात ते पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. माणूस केवढा, कॉस्मिक किरणांवर, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या किरणांवर काम केलेला, इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचा पहिला डायरेक्टर, पण बोलायचा घरातल्या आजोबांसारखा. आज टीव्हीवर असं कोणी नाही, पोरांचं नुकसान होतंय.

मास्तर, चोपडा
नाही पटलं भाऊ. आमच्या गल्लीत तेव्हा एकच टीव्ही, लाईट गेली की खेळ खलास, हिंदी अर्धी डोक्यावरून जायची. टीव्हीने पोरं बघायला शिकतात, करायला नाही. मी चौथीला दोन कच्ची केळी देतो, एक पिकल्या केळीसोबत पिशवीत बांधून, दुसरं उघडं. तिसऱ्या दिवशी पोरं वास घेतात, अंगठ्याने दाबून बघतात, भांडतात. इथिलीन, म्हणजे पिकल्या केळीतून निघणारा आणि दुसरं फळ पिकवणारा वायू, हा शब्द मी सगळ्यात शेवटी सांगतो.

भुसावळची ताई
सर, 24 ऑक्टोबर 1995 चं सूर्यग्रहण आठवा. आमच्याकडे दारं बंद, पाण्यात तुळशीपत्र, आजी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देईना. टीव्हीवर यशपाल ग्रहण समजावून सांगत होते, इतके रंगून की वडील स्वतः उठले आणि दार उघडलं. निंबाखाली सारवलेल्या अंगणात उन्हाचे कवडसे रोज गोल पडायचे, त्या दिवशी सगळे चंद्रकोरीसारखे, शेकडो कोरी, वारा आला की हलायच्या. पानांमधली प्रत्येक फट सूर्याचं चित्र पाडत होती. दिवाळीची सुट्टी होती, त्या दिवशी आम्हाला कोणते मास्तर सांगायला येणार होते?

मास्तर, चोपडा
ताई, कोरी तुम्ही अंगणात पाहिल्या, टीव्हीत नाही, मी तेच म्हणतोय. यशपालांचा मान मलाही आहेच, पण त्यांचं मोठं काम म्हणजे 1993 चा दप्तराच्या ओझ्यावरचा अहवाल. दप्तराच्या वजनापेक्षा न समजता पाठ करायचं ओझं जास्त वाईट, हे त्यात स्पष्ट आहे. तो वर्गात उतरला असता तर टीव्हीची गरजच पडली नसती.

केळीवाला रावेर
उतरला नाही ना पण मास्तर! आणि ताईंच्या घरी दार टीव्हीमुळेच उघडलं, मी माझ्या मतावर ठाम आहे. तुमचा प्रयोग मात्र आजच पोऱ्याला घेऊन करतो, कच्चा घड घरात आहेच. पिशवीला भोकं ठेवायची का नाही, तेवढं सांगा.