‘ओन्ली’ नेमका कोणत्या शब्दाआधी?

विचारणा:
परदेशात स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबासाठी मी मुलाच्या शाळेत द्यायच्या माहितीपत्राचा इंग्रजी अनुवाद करीत आहे. ‘आम्ही घरात मराठीच बोलतो’ यासाठी मी ‘वी ओन्ली स्पीक मराठी ॲट होम’ असे लिहिले. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी ‘ओन्ली’ उचलून ‘मराठी’च्या आधी ठेवला आणि क्रियापदाआधीचा ‘ओन्ली’ ही चूकच असल्याचे बजावले. माझ्या कानाला पहिलेच वाक्य स्वाभाविक वाटते. पण त्यातून ‘मराठी घरातच बोलतो, बाहेर नाही’ असाही अर्थ काढता येतो. नियम कोणता मानावा?

प्रतिसाद:
बाईंचा आग्रह फार जुना आहे. ज्यांचे इंग्रजी व्याकरण १७६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, त्या रॉबर्ट लाउथ यांनी ‘आय ओन्ली स्पेक थ्री वर्ड्‌स’ या रचनेला हरकत घेऊन ‘ओन्ली’ हा ‘थ्री’च्या आधी हवा असे म्हटले होते. उलट फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या इंग्रजी शब्दप्रयोगांच्या कोशात ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ अशा वाक्याची बाजू घेतली, कारण तेथे गैरसमजाला जागाच नसते. बोलताना आघात कोणत्या शब्दावर पडतो त्यावरून अर्थ कळतो. कागदावर तो आघात उमटत नाही. म्हणून शाळेच्या कागदात बाईंचीच रचना ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद:
आपल्याला ही अडचण मुळात पडते ती ‘च’मुळे. ‘मीच’, ‘घरातच’, ‘मराठीच’ असा तो ज्या शब्दावर भर द्यायचा त्यालाच चिकटतो. भारतीय इंग्रजीतले ‘टुमारो ओन्ली’ हे आपल्या ‘उद्याच’चे सरळ रूप आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यात बोलणाऱ्याचा रोख संदिग्ध राहत नाही.

प्रतिसाद:
इतके सरळ नाही. ‘पैसे मागच्या आठवड्यातच दिले’ या वाक्यात ‘च’चा रोख बहुधा ‘कधीचेच दिले’ असा असतो, तर ‘ओन्ली लास्ट वीक’ म्हणजे ‘अगदी अलीकडे, फार दिवस झाले नाहीत’. एक काळ मागे ढकलतो, दुसरा जवळ ओढतो. ‘तो येणारच’ यात तर मर्यादा नसून खात्री आहे. त्यामुळे ‘च’च्या जागी ‘ओन्ली’ बसवण्याची सवय मुलांना लावणाऱ्या शिक्षकांशी माझे कधीच पटलेले नाही.

प्रतिसाद:
‘च’ राहू द्या, आधी ‘फक्त’चे काय ते पाहा. ‘फक्त पाचच माणसे’ असे आपण सर्रास लिहितो. एका मर्यादेसाठी दोन शब्द कशाला? शिवाय ‘फक्त’ मूळचा अरबी. ‘केवळ’ आणि ‘मात्र’ हाताशी असताना त्याचे अडते कोठे?

प्रतिसाद:
‘मात्र’ सुचवताना विचार व्हावा. ‘मी मात्र गेलो’ याचा अर्थ ‘केवळ मी गेलो’ असा होत नाही. तेथे ‘इतरांचे काहीही असो, मी गेलो’ असा विरोध आहे. ‘फक्त’ आज घराघरांत रुळलेला आहे, आणि ‘फक्त पाचच’ मधली द्विरुक्ती मला दोष वाटत नाही, कारण मराठी माणूस जोर देताना असेच बोलतो.

प्रतिसाद:
धनादेशावर ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ लिहिताना तो शेवटी का येतो, याचाही विचार करावा. पुढे कोणी आकडा वाढवू नये, हे कारण तर आहेच. पण उर्दू पत्रांच्या शेवटीही ‘इति’ या अर्थाने ‘फकत’ लिहिण्याची रीत होती, आणि आपला शेवटचा ‘फक्त’ तेथूनच आला असावा असे मला फार दिवसांपासून वाटते.

प्रतिसाद:
मी धनादेशावर ‘मात्र’च लिहितो आणि बँकेने तो कधी परत केलेला नाही. तेव्हा ‘फक्त’वाचून अडते, हे मला मान्य नाही.

मूळ विचारणा करणारी:
माहितीपत्र उद्या द्यायचे आहे. ‘ओन्ली’ ‘मराठी’च्या आधी ठेवला, तर ‘ओन्ली मराठी’ला जोडूनच ‘ॲट होम’ वाचले जाईल ना, की तेथेही शंका उरते?

प्रतिसाद:
त्याआधी ‘उर्दूतून आला’ या विधानाला आधार द्यावा. मोडी कागदपत्रे वाचणाऱ्या कोणी येथे असल्यास ‘फक्त’ तेथे कोठे येतो, ते सांगावे.