डिझेल ट्रकला जादा लिफ्ट पंप: टाकीतून सक्शन कुठून घ्यावं?

मंडळी, मदत हवी आहे. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारी पद्धत) ट्रकला बाहेरचा इलेक्ट्रिक लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढून इंजिनकडे ढकलणारा), वॉटर सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) आणि बारीक मायक्रॉनचा फिल्टर बसवतोय. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच, पाणी शिरलं की तो जातो आणि मागोमाग इंजेक्टर (इंजिनमध्ये डिझेल फवारणारे). म्हणून सेपरेटर लिफ्ट पंपाच्या आधी, बारीक फिल्टर नंतर, एवढं पक्कं.

अडलंय टाकीपाशी. तळाला भोक पाडून संप (डिझेल जमणारा छोटा खोलगट भाग) लावला तर डिझेल पुरेपूर मिळेल, पण गाळही तोच ओढणार, शिवाय खालून दगड लागायची धास्ती. वरून पाईप सोडला तर डिझेल कमी असताना चढावर हवा ओढेल का? कंपनीचा फिल्टर राहणारच, तो काढायचा सल्ला कृपया नको.

आणि हो, इंजिन बंद पडल्यावर लिफ्ट पंप थांबावा म्हणून त्याच्या रिलेला (पंपाची वीज चालू-बंद करणारा) ऑइल प्रेशर स्विच (इंजिन ऑइलचा दाब गेला की कळवणारा) कुणी जोडलाय का?